‘किती देते?’ : आमच्या पद्मिनीच्या ॲव्हरेजचा दोन वर्षांचा हिशोब

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी ‘म्हणजे’ आणि ‘तर’ फार म्हणतो, त्यातले बरेच इथे कापलेत. बाकी जसं बोललो तसं.)

आजचा भाग गाडीवर आहे. सॉफ्टवेअरवाल्यानं इंजिनावर बोलावं का, असं कुणी विचारेल. मी बीटेक झालो ते कॉम्प्युटरमध्ये, मेकॅनिकलमध्ये नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण गेली दोन वर्षं वर्ध्याला घरून काम करताना मी संध्याकाळी दुसरं एक काम करत होतो. बाबांच्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोलचा हिशोब ठेवत होतो. प्रत्येक वेळी किती लिटर भरलं, किती किलोमीटर झाले, त्या आठवड्यात इंजिनात काय बदललं, कोण चालवत होतं, सगळं एका शीटमध्ये. आज ते शीट तुमच्यासमोर उघडतो.

जुनी गाडी घेऊन बाहेर पडलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘विकता का?’ आणि दुसरा, ‘किती देते?’ पहिल्याचं उत्तर बाबा देतात. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. त्यात एकदा मी आईबाबांना रस्त्यात अडकवलं, तेही सांगणार आहे.

सुरुवात कुठून झाली

३० ऑक्टोबर २०२३. मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी त्या दिवसापासून अधिकृतपणे बंद झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. टीव्हीवर बातमी चालू होती. बाबा पाहत होते. जाहिरात लागल्यावर म्हणाले, “आपणही आता ठरवून टाकू. एक तर विकू, नाहीतर डिझेल इंजिन टाकू. पेट्रोल परवडून नाही राहिलं.”

बाबा निवृत्त शिक्षक आहेत. गाडी शोभेची नाही, वापरातली आहे. आईच्या डोळ्यांची तपासणी नागपूरला असते, सेवाग्रामला नातेवाईक आहेत, बाजारहाट आहे. महिन्याला साधारण ५०० किलोमीटर होतात. बाबांच्या डायरीत ॲव्हरेज होतं ९.८. पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे महिन्याचे पाच-साडेपाच हजार नुसते टाकीत. पेन्शनच्या घरात हा आकडा दिसतो.

एका ओळखीच्या माणसानं सांगितलं होतं, जुन्या गाडीतलं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून देतो, एक लाख वीस हजार. मी बाबांना म्हटलं, मला एक वर्ष द्या. आधी मोजू, मग ठरवू. बाबा म्हणाले, “मोज.”

गाडी काय आहे

नवीन श्रोत्यांसाठी दोन मिनिटं. मुंबईच्या कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट बनू लागली. त्याच गाडीला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. साधारण २००० सालापर्यंत ती बनत होती. नाव काहीही लिहिलेलं असो, आमच्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात.

इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर, बोर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. एकच कार्बोरेटर. चार गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांडीवर. आरेखन मुळात इटलीतलं, १९५० च्या दशकातलं. यात संगणक नाही, सेन्सर नाही. पेट्रोल किती जायचं हे पितळेच्या जेटचं बारीक भोक ठरवतं. ठिणगी कधी पडायची हे डेल्कोतली वजनं आणि स्प्रिंग ठरवतात. म्हणून या गाडीत ‘मॉडिफिकेशन’ कुणीही करू शकतं. एक पाना आणि एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. बिघाडही तितक्याच सहज होतो.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पेट्रोल इंजिनात जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानानं पाव हिस्साच कामाला लागतो. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिनातला बदल तो पाव हिस्सा थोडा वाढवू शकतो. चाकं, ब्रेक, वेग यांतला बदल गाडीला लागणारं काम कमी करतो. ‘ॲव्हरेज वाढवतो’ म्हणणाऱ्या कुणालाही विचारा, या दोनपैकी तुम्ही काय करताय? उत्तर आलं नाही तर पाकीट खिशात ठेवा.

आधी मोजमापच चुकीचं निघालं

आमच्या कामात आधी बेसलाईन घेतात. मी फुल टाकीची पद्धत धरली. एकच पंप, शक्यतो तेच नोजल, पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. किमान दोनशे किलोमीटर चालवायचं आणि पुन्हा भरायचं. अशा तीन नोंदींची सरासरी. एका वेळी एकच बदल.

पहिल्याच आठवड्यात मी फोन डॅशबोर्डवर ठेवून नागपूरला गेलो. फोनच्या जीपीएसनं घरापासून ७५ किलोमीटर दाखवले. गाडीच्या मीटरनं दाखवले साडेएकोणऐंशी. सहा टक्के जास्त.

कारण सापडायला वेळ लागला नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या मामेभावानं हौसेनं मॅग व्हील लावली होती, १३ इंची. मूळ रिम १४ इंची आहे. नवीन टायरचा घेर लहान. म्हणजे तेवढाच रस्ता कापायला चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर मोजतं. बाबा सहा वर्षं सांगत होते की मॅग लावल्यापासून ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरनं वाढलं. ते वाढलं नव्हतं, मीटर खोटं बोलत होतं. उलट त्याच वेगाला इंजिनाला सहा टक्के जास्त फेरे मारावे लागत होते. डायरीतले ९.८ भागिले १.०६. खरं ॲव्हरेज सव्वानऊ.

हे मी एवढं सविस्तर सांगतोय, कारण जुन्या गाड्यांच्या गप्पांत जे आकडे ऐकू येतात त्यात टायरच्या घेराचा विचार क्वचितच असतो. रिम, टायर किंवा गिअरबॉक्स बदलला असेल तर आधी मीटर तपासा. बाकीचं नंतर.

मूळ रिम माळ्यावर होते. काढले, घासले, रंगवले, मूळ घेराच्या जवळचे रेडियल टायर टाकले. त्यानंतर मीटरचा फरक एक टक्क्याच्या आत आला.

पहिली फेरी : कुणी काय काय बदलून ठेवलंय

आता गाडी गेली चाचांकडे. वर्ध्यातलं जुनं गॅरेज, फियाट आणि ॲम्बेसिडरवर आयुष्य गेलेलं. नाव नको म्हणाले, म्हणून चाचा.

मी त्यांना विचारलं, काय काय मॉडिफाय करता येईल? ते म्हणाले, “भाऊ, आधी झालेली मॉडिफाय तं काढू.”

पंचेचाळीस वर्षांत या इंजिनात खूप जणांनी हात घातला होता. चार गोष्टी सापडल्या.

पहिली, ब्रेक. मागचं एक चाक जॅकवर घेतलं तर हातानं फिरेना. लायनर घासत होते, टायरमध्ये हवाही कमी. हे इंजिनाचं नाही, पण पेट्रोल इंजिनच पितं ना. दुरुस्त केलं. सव्वानऊचे ९.८ झाले, या वेळी खरे.

दुसरी, टायमिंग. पॉईंट झिजलेले, डेल्कोच्या आतली वजनं जाम. इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी, कारण पेट्रोल जळायला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही, पिस्टन मात्र पटकन वर येतो. वजनं जाम असतील तर ठिणगी उशिरा पडते आणि आग पिस्टनला ढकलण्याऐवजी सायलेन्सर तापवते. साफसफाई, नवे पॉईंट, प्लग, टॅपेटची सेटिंग. १०.४.

तिसरी, जेट. कुणीतरी ‘पिकअप’साठी मेन जेटचं भोक बारीक ड्रिलनं मोठं केलं होतं. चाचांनी ते उजेडात धरून मला दाखवलं. मूळ मापाचं जेट शोधून टाकलं आणि फ्लोटची पातळी नीट केली. इथे सगळ्यात मोठी उडी मिळाली, ११.३.

चौथी मला आवडलेली. थर्मोस्टॅटच नव्हता! वर्ध्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५-४६ ला जातो. गाडी तापते म्हणून कुणीतरी कधीतरी थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. विदर्भातल्या कित्येक जुन्या गाड्यांत तो नसतो. मग डिसेंबरमध्ये सकाळी सेवाग्रामला निघालं की तिथे पोहोचेपर्यंत इंजिन नीट गरमच होत नाही. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, तेल जाड राहतं, चोक जास्त वेळ ओढावा लागतो. आम्ही थर्मोस्टॅट बसवला आणि गाडी खरंच तापत होती त्याचा इलाज म्हणून रेडिएटर आतून साफ करून घेतला. हिवाळ्याच्या नोंदींत ११.८.

सव्वानऊवरून ११.८. सत्तावीस-अठ्ठावीस टक्के वाढ, आणि आम्ही एकही नवीन गोष्ट लावली नव्हती. आमच्या धंद्यात याला रोलबॅक म्हणतात. कुणी कुणी टाकलेले बदल काढून मूळ आवृत्तीवर परत आलो, इतकंच.

दुसरी फेरी : इलेक्ट्रॉनिक इग्निशन

आता माझी हौस. पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवला. गाडी एका चावीत सुरू व्हायला लागली, आयडलिंग गुळगुळीत झालं. ॲव्हरेज १२.०.

०.२ ची वाढ. पण इथे प्रामाणिक राहायला हवं. फुल टाकीच्या पद्धतीत माझ्याच नोंदी एकमेकींपासून ०.३ पर्यंत हलतात. म्हणजे ही वाढ आहे की मोजमापातली चूक, मी सांगू शकत नाही. नीट सेट केलेल्या नव्या पॉईंटपेक्षा हा किट फार पेट्रोल वाचवत नाही, पण पॉईंट झिजत जातात आणि किट झिजत नाही. सहा महिन्यांनीही टायमिंग तिथेच असतं. खरा फायदा तो. किट विकणारे दहा-पंधरा टक्के सांगतात ते बहुधा झिजलेल्या पॉईंटशी तुलना करून.

तिसरी फेरी : माझी चूक

शीटमधला आकडा वाढताना बघायची सवय लागते. बारावर समाधान होईना.

हवा आणि पेट्रोल यांचं पूर्ण जळण्याचं प्रमाण वजनानं १४.७ ला १. जास्त ताकद हवी तर मिश्रण थोडं दाट लागतं, बारा-तेराच्या आसपास. काटकसर हवी तर थोडं पातळ, पंधरा-सोळाच्या आसपास. हे पुस्तकात वाचलं आणि मला वाटलं, जेट एक माप लहान टाकलं की झालं. चाचा नको म्हणत होते. मी त्यांना ग्राफ दाखवला. बीटेक ना आम्ही.

डिसेंबर २०२४ मध्ये लहान जेट टाकलं. ॲव्हरेज १२.९. मी खूश.

दोन गोष्टी मी विसरलो. एक, हिवाळ्याची हवा दाट असते, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप आणखी पातळ होतं. दुसरी मोठी. पेट्रोल आता पूर्वीचं पेट्रोल राहिलेलं नाही. २० टक्के इथेनॉलचं ई-२० फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. आमच्या पंपावरही आलं होतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलचं प्रमाण ९ ला १. त्यामुळे ई-२० चं साडेतेराच्या आसपास येतं. १९७८ चं जेट जुन्या पेट्रोलच्या हिशोबानं कापलेलं. ते न बदलता ई-२० भरलं तर मिश्रण आधीच सात-आठ टक्के पातळ होतं. नव्या गाडीत सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि जास्त पेट्रोल सोडतो. पद्मिनीला हे कोण सांगणार? त्यावर मी आणखी लहान जेट टाकलं. उपाशी माणसाला उपवास सांगितला.

पातळ मिश्रण हळू जळतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आग चालूच असते. व्हॉल्व्ह रोज थोडा थोडा भाजत जातो. चार महिने काही कळत नाही, उलट ॲव्हरेज छान दिसतं.

एप्रिल २०२५. आईची तपासणी होती. मला मीटिंग होती म्हणून बाबा एकटेच आईला घेऊन सकाळी निघाले. पवनार गेलं, सेलू गेलं. केळझरच्या अलीकडे गाडी एका सिलिंडरनं मिस करायला लागली, मग ओढेचना. साडेदहाचं ऊन. आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, वर काळा चष्मा. बाबांनी गाडी झाडाखाली लावली आणि मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो, दोन कॉल उचलले नाहीत. तिसरा उचलला.

दुसरी गाडी करून मी पोहोचलो तोवर आई रसवंतीच्या बाकावर बसली होती. ती काही बोलली नाही. तपासणीची वेळ हुकली, नवीन तारीख तीन आठवड्यांनी मिळाली.

हेड उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून पाकळीसारखी तुटलेली. चाचांनी तो माझ्या हातात ठेवला. म्हणाले, “गाडी उपाशी ठेवून ॲव्हरेज नाही भेटत, भाऊ.”

घरी बाबा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “किती वाचलं होतं मग?”

मी शीट काढलं. बारावरून १२.९ म्हणजे महिन्याला तीन लिटरच्या आत. चार महिन्यांचे साधारण बाराशे रुपये. हेडच्या कामाचं बिल साडेअकरा हजार. आईच्या तीन आठवड्यांसाठी माझ्या शीटमध्ये रकाना नव्हता.

चौथी फेरी : हेड उघडलंच आहे तर

व्हॉल्व्ह बदलले, सीट घासल्या, मशीनवर हेडचा फेस कट केला. फेस कट केला की ज्वलनाची जागा लहान होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. या गाड्यांत ॲव्हरेजसाठी सांगितला जाणारा हा जुना उपाय, आणि यामागे खरं शास्त्र आहे. समजा कॉम्प्रेशन साडेसातवरून ८.३ केलं, तर सूत्रानं कार्यक्षमता तीन ते साडेतीन टक्क्यांनी वाढते. ई-२० चा एक गुण इथे उपयोगी पडतो. त्याचं ऑक्टेन ९५ च्या आसपास आहे, आपल्या साध्या पेट्रोलचं ९१ असायचं. म्हणजे थोडं जास्त कॉम्प्रेशन ठोका न देता सोसतं.

पण फेस परत वाढवता येत नाही. जास्त कापला की चढावर ठोका देतो आणि पुढच्या वेळी कापायला धातू उरत नाही. आम्ही सपाट होण्यापुरताच कापला. जेट मूळ मापापेक्षा एक नंबर मोठं टाकलं, ई-२० साठी. हो, मोठं! पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घेतल्या, कारण जुनं रबर इथेनॉलनं फुगतं आणि चिरतं.

ॲव्हरेज १२.४. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे ई-२० मध्ये सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी. ती वजा जाऊन १२.४ आले, याचं मला बरं वाटतं.

मग डिझेल इंजिनाचं काय

इंजिन बदलण्याची हौस वर्ध्याला नवी नाही. आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. सेवाग्रामच्या कच्च्या रस्त्यासाठी जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपले होते, आणि गंमतीनं तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. ऑक्स म्हणजे बैल, पुढे फोर्ड. पेट्रोलचा खर्च शून्य. त्याहून चांगलं ॲव्हरेज कुणाला मिळणार?

आता आजचा हिशोब. डिझेलवर १७ चं ॲव्हरेज धरू, ५०० किलोमीटरला साडेएकोणतीस लिटर, ९२ च्या भावानं सत्तावीसशे रुपये. पेट्रोल १०५ धरू. सुरुवातीच्या सव्वानऊच्या ॲव्हरेजला महिन्याला सुमारे ५,७०० लागत होते. म्हणजे डिझेलनं महिन्याला तीन हजार वाचले असते आणि एक लाख वीस हजार सव्वातीन-साडेतीन वर्षांत वसूल. आकर्षक वाटतं ना? पण ही तुलना आजारी इंजिनाशी आहे. आज १२.४ ला महिन्याला ४,२०० लागतात. आता डिझेलची बचत दीड हजार, आणि वसुलीला साडेसहा वर्षं. तेही सेकंड-हँड इंजिनाला काही झालं नाही तर. वर डिझेल इंजिन जड, पुढची स्प्रिंग आणि ब्रेक त्या वजनाचे नाहीत. कंपनीनं स्वतः डिझेल पद्मिनी काढली होती, १३७ डी नावाची, पण ती कारखान्यात तशी बनवलेली.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग आर.सी.वर नोंद. परवानगीशिवाय केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी काय विचारेल, ते वेगळंच.

आणखी एक. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीला येईल. अशी नोंद केली की रोजच्या वापराला ती काढता येत नाही, म्हणून बाबा कदाचित करणारही नाहीत. पण डिझेल टाकलं असतं तर निवड करायची संधीच गेली असती.

शीटमधला शेवटचा रकाना

शीटमध्ये मी सुरुवातीपासून ‘चालक’ असा रकाना ठेवला होता. त्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मागच्या महिन्यात सहज फिल्टर लावला. तीच गाडी, तेच जेट, तोच नागपूर रस्ता.

बाबा, १३.१. मी, ११.४.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन, फेस कट, सगळं मिळून मला ०.६ मिळालं. आणि बाबांच्या आणि माझ्या पायात १.७ चा फरक! बाबा पंचावन्न-साठनं चालवतात, समोर सिग्नल दिसला की लांबूनच पाय काढतात. मी ऐंशीनं. साठवरून ऐंशीला गेलं की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो, आणि पद्मिनीचा पुढचा भाग काही चाकूसारखा नाही, कपाटासारखा आहे. वर चारच गिअर, इंजिन ओरडत राहतं. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, तिथे १२० ची मर्यादा आहे. आमच्या गाडीनं तिथे जायचं कामच नाही.

तर ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. आधी मीटर तपासा. मग ब्रेक आणि हवा. मग टायमिंग, टॅपेट, प्लग. मग कुणी छेडलेलं जेट आणि गायब झालेला थर्मोस्टॅट. ई-२० साठी रबर आणि जेट. हे सगळं झाल्यावर तीन टाक्या मोजा. त्यानंतरही इंजिन बदलावंसं वाटलं तर खुशाल आरटीओत जा. आणि मिश्रण पातळ करून आकडा वाढत असेल तर एकदा प्लग काढून बघा. पांढरा पडला असेल तर तो आकडा उधारीचा आहे.

आईची तपासणी आता दर तीन महिन्यांनी असते. बाबाच नेतात, पद्मिनीतच. मी बरोबर असलो तर मागच्या सीटवर बसतो, आणि मीटिंग त्या दिवशी ठेवत नाही. परवा सेलूच्या पंपावर एका पोरानं गाडीभोवती चक्कर मारून विचारलंच, “काका, किती देते?”

बाबा म्हणाले, “माझ्या हातात तेरा. याच्या हातात अकरा.”

तुमच्याकडे असं शीट असेल, नसलं तरी बाबांची किंवा आजोबांची डायरी असेल, तर त्यातले आकडे मला जरूर कळवा. टायरचं माप मात्र सोबत लिहा.